दुधीचं फूल आणि दोन फळ्या: जपानी पद्धतीचं पहिलं ठसाचित्र

जपानी लाकूडठशांवरून काहीतरी आधुनिक करायचं ठरलं की नव्वद टक्के नवखे एक तर होकुसाईची लाट उचलतात, नाही तर फुजी पर्वत. दोन्हींत अडचण एकच आहे. चित्र आधीच पूर्ण झालेलं असतं आणि आपण फक्त नक्कल करतो. जपानी चित्रकारांची खरी युक्ती वेगळी होती, तिचं नाव मिताते. मिताते म्हणजे एका गोष्टीत दुसरी पाहणं, जुनं काव्य आजच्या वस्तूंवर बसवणं. सुझुकी हारुनोबूने १७६६ च्या सुमारास चीनमधल्या प्रसिद्ध 'आठ दृश्यां'चा विषय घेतला आणि तो थेट घराच्या खोलीत आणला. तळ्यावर परतणाऱ्या शिडांच्या जागी मांडणीवर वाळत घातलेले पंचे आले, देवळाच्या संध्याकाळच्या घंटेच्या जागी घड्याळ आलं आणि उतरणाऱ्या हंसांच्या रांगेच्या जागी कोतो वाद्याच्या घोड्या. पाहणाऱ्याला मूळ विषय ठाऊक असेल तर गंमत कळते. नसेल तरी चित्र चित्र म्हणून उभं राहतं. मासामी तेराओकाने १९७० च्या दशकात किमोनोतली माणसं आणि अमेरिकी हॅम्बर्गर एकाच चित्रात आणले तेही याच वाटेने. मात्र ठशांसारखी दिसणारी त्याची त्या काळातली बरीच चित्रं जलरंगात हाताने रंगवलेली आहेत.

इथे आपण खराखुरा ठसा काढणार आहोत. या पद्धतीला मोकुहांगा म्हणतात. लाकडी फळी, पाण्यात मिसळलेला रंग, तांदळाची खळ आणि हाताचा दाब एवढ्यावर ती चालते. तेलाची शाई नाही, यंत्र नाही. जुन्या एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा असे चार वेगळे लोक असत. १९०४ साली यामामोतो कानाएने स्वतः रेखाटून, स्वतः कोरून, स्वतः छापलेलं कोळ्याचं चित्र प्रसिद्ध केलं आणि एकट्याने सगळं करण्याचा पायंडा पडला. आपलीही वाट तीच.

विषय: यूगाओ

अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबूने लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारी'तला, म्हणजे राजपुत्र गेंजीच्या कादंबरीतला, चौथा अध्याय नवख्यासाठी सोयीचा आहे. क्योतोच्या साध्या वस्तीत, एका मोडक्या कुंपणावर गेंजीला पांढरी फुलं दिसतात. तो नोकराला फूल तोडायला पाठवतो. घरातून एक लहान मुलगी बाहेर येते आणि फूल ठेवायला सुगंधी पांढरा पंखा देते. पंख्यावर एक कविता लिहिलेली असते. लिहिणारी कोण, ते गेंजीला कळत नाही. पुढे तीच बाई एका ओसाड वाड्यात एका रात्रीत मरते. फुलाचं नाव यूगाओ, म्हणजे 'संध्याकाळचा चेहरा', आणि तेच नाव तिलाही चिकटलं.

इंग्रजीतून हे वाचलेल्यांच्या डोळ्यांपुढे एखादी शोभेची चांदणवेल येते. पण यूगाओ म्हणजे आपला दुधीभोपळा. संध्याकाळी उमलणारं, पाच सुरकुतलेल्या पाकळ्यांचं, टिशू पेपरसारखं पांढरं फूल. त्यामुळे मराठी वाचकाला संदर्भासाठी फोटो शोधायची गरज नाही. परसात नाही तर गावाकडे कुणाच्या तरी मांडवावर वेल असतेच. सूर्य मावळताना जा आणि अर्धा तास बसून रेखाटनं करा. नर फुलाचा देठ लांब असतो. मादी फुलाखाली इवलासा दुधी असतो; तो चित्रात घेतलात तर काव्य जाऊन भाजी येते.

आता मिताते. पंख्याच्या जागी 'उचिवा' घ्या. जपानमध्ये उन्हाळ्यात जाहिरात छापलेले प्लॅस्टिकच्या काड्यांचे गोल पंखे रस्त्यात फुकट वाटतात, तोच. गोल आकार आणि मूठ कोरायलाही सोपी. मोडक्या कुंपणाच्या जागी बाल्कनीचं लोखंडी ग्रिल घ्या. माणूस काढायचा नाही. प्रसंग नुसत्या वस्तूंतून सांगायची ही रीतही जपानी कारागिरीत जुनी आहे, तिला रुसु-मोयो म्हणतात: घरधनी बाहेर गेलाय, वस्तू तेवढ्या मागे आहेत.

ग्रिलचे गज पाचच ठेवा. सुगंध ओळखण्याच्या गेंजी-को नावाच्या एका जुन्या खेळात पाच उभ्या रेघा काढून, सारखा वास आलेल्या रेघा वरून जोडत. अशा ५२ जुळण्या होतात आणि त्यांना गेंजीच्या अध्यायांची नावं दिलेली आहेत. अध्याय ५४ आहेत, म्हणून पहिला आणि शेवटचा बिनचिन्हाचे राहिले. पाचही रेघा सुट्या असतील तर तो दुसरा अध्याय, हाहाकिगी. यूगाओचं चिन्ह गेंजी-कोच्या तक्त्यात पाहून गज तसेच जोडा. मनाने जोडलेत तर भलताच अध्याय छापला जाईल. हे चिन्ह उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि ठशात सगळं उलटं होतं. ही मेख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सामान

चित्राचं माप १२ × १६ सें.मी., उभं. कागद १६ × २० सें.मी. फळी २० × २४ सें.मी., ९ मि.मी. जाडीची, दोन नग. दोन्ही बाजूंनी कोरायचं, म्हणजे चार ठसे मिळतात: रेषांचा, आकाशाचा, पानांचा आणि बिनरंगाचा. पारंपरिक लाकूड यामाझाकुरा, म्हणजे डोंगरी चेरी. कडक आणि बारीक शिरांचं. आज जपानी हौशी लोक शिना प्लाय वापरतात. ते मिळालं नाही तर बर्च प्लाय घ्या. साधं व्यापारी प्लाय नको, त्याचे पापुद्रे कोरताना उडतात. एमडीएफ पाणी पिऊन फुगतं आणि रेषेच्या कडा लव आल्यासारख्या होतात. सागात तेल असतं आणि शिरा उघड्या असतात, त्यामुळे पाण्याचा रंग चट्टे धरतो.

हत्यारं तीन पुरतात. तिरक्या पात्याचा कोरायचा चाकू, ३ आणि ८ मि.मी.च्या दोन गोल पटाश्या, शिवाय केन्तोसाठी, म्हणजे कागद बसवायच्या खाचांसाठी, एक १५ मि.मी.ची सरळ पटाशी मिळाली तर उत्तम. दहा हत्यारांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा तीन चांगली घ्या आणि चामड्याच्या पट्ट्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी धार फिरवा. बोथट पातं लाकूड कापत नाही, फाडतं.

रंग लावायला घोड्याच्या केसांचे छोटे बूट-ब्रश चालतात, अर्थात कोरे. त्यांचे केस बारीक पॉलिश पेपरवर ओले करून घासा म्हणजे टोकं मऊ होतात. जपानी कारागीर हेच काम शार्कच्या कातड्यावर करतात. दाब द्यायला बारेन लागतो, म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेली चपटी चकती. सुरुवातीला साधा बारेन चालेल. स्टीलच्या वाटीच्या बुडाने रेषा निघतात, पण सपाट रंग एकसारखा निघत नाही.

कागदावर मात्र कंजुषी करू नका. कोझो या तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा कागद लांब धाग्यांचा असल्याने ओला असूनही घासणं सोसतो. सुती हातकागद सरावाला ठीक, पण त्याचे धागे आखूड आणि पृष्ठभाग चार घासण्यांत लव धरतो. कागद खळ किंवा सरस-तुरटीचा हात दिलेला, म्हणजे रंग न फुटणारा हवा. दहा प्रती हव्या असतील तर चौदा कागद कापा.

खळ घरीच करा. १ टेबलस्पून तांदळाचं पीठ ७० मि.ली. गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा. मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक होऊन चमच्यावरून जाडसर ओघळेपर्यंत पाचेक मिनिटं शिजवा आणि कोमट असताना गाळून घ्या. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्या.

रेखाटन फळीवर नेणं

मूळ चित्र पातळ कागदावर काळ्या शाईने काढा. रेषा १ मि.मी.पेक्षा बारीक नको, गज ४ मि.मी. ठेवा. लाकडाच्या शिरा गजांच्या दिशेने, म्हणजे उभ्या येतील अशी फळी धरा. आडव्या शिरांवर उभा गज कोरला तर मधूनच तुटतो.

फळीवर खळीचा अगदी पातळ हात फिरवा आणि चित्र पालथं चिकटवा. वाळत आल्यावर ओलसर बोटाने मागचा कागद हलकेच चोळून त्याचे थर काढा. उरलेल्या पापुद्र्यावर दोन थेंब तेल चोळलं की रेषा आरपार दिसतात. चित्र पालथं चिकटवल्यामुळे आपोआप उलटं होतं आणि छापताना पुन्हा सुलटं. कार्बन पेपरने गिरवणार असाल तर चित्र आधी उलटवून घ्या. नाहीतर बाकी सगळं सुरेख दिसेल, पण गज उलटे जोडले जातील आणि जाणकाराला यूगाओऐवजी दुसराच अध्याय दिसू शकेल.

केन्तो

सगळ्या रंगांचा मेळ या दोन खाचांवर असतो. फळी समोर ठेवल्यावर उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी खाच येते, ती कागी. तिच्यापासून डावीकडे १० ते ११ सें.मी.वर, त्याच खालच्या रेषेत सरळ खाच, ती हिकित्सुके. कागद चित्राच्या चारी बाजूंनी २ सें.मी. मोठा आहे, म्हणून दोन्ही खाचा चित्राच्या कडेपासून २ सें.मी. बाहेर येतात.

रेघेवर पटाशी उभी धरून १ मि.मी. खोल काप द्या. मग चित्राच्या बाजूने त्या कापाकडे उतरती सपाट चीर काढा. कागदाची कड त्या उतारावरून घसरत भिंतीला टेकली पाहिजे. भिंत जराशी तिरकी झाली तर कागद तिच्यावर चढतो आणि अर्धा मि.मी. सरकतो, डोळ्याला तेवढं लगेच खुपतं. कागदाचाही एक कोपरा आणि खालची कड धारदार पात्याने काटकोनात कापलेली हवी. हातकागदाची झालर असलेली कड केन्तोत बसत नाही.

कोरणं

आधी फक्त चाकू. चाकू मुठीत धरा आणि पातं रेषेपासून बाहेर झुकेल असा काप द्या, म्हणजे रेषा वर अरुंद आणि बुडाशी रुंद राहते, बांधासारखी. उभी भिंत किंवा आत घुसलेला काप दिलात तर पाचव्या-सहाव्या प्रतीला रेषेचा तुकडा निघून येतो. मग २ मि.मी. अंतरावरून उलट्या झुकावाचा दुसरा काप द्या, मधली काडी सुटून येते. अशा सगळ्या रेषा मोकळ्या झाल्यावरच पटाशी हातात घ्या. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवा, पुढे कधीच नाही.

रेषेजवळ १ ते १.५ मि.मी. खोली पुरते. जागा जितकी मोकळी तितकं खोल जा. मोठ्या रिकाम्या भागात ३ मि.मी. गाठा. तिथे आळस केला तर ओला कागद मध्ये झोळीसारखा वाकतो आणि रंगाचे नको ते डाग उचलतो. आडवी जोडणी कोरताना गज जिथे तिला मिळतो तो कोपरा शेवटी घ्या. तुकडा उडालाच तर फेकू नका. पाण्याने न सुटणाऱ्या सुतारी गोंदाने तो तिथेच परत बसतो.

रेषांची बाजू झाली की तिच्यावरून केन्तोसकट तीन पातळ प्रती काढा. केन्तोच्या कडेच्या लाकडालाही शाई लावा, म्हणजे खाचेची कड उमटते. या प्रती कोरड्या कागदावरच काढायच्या, कारण ओला कागद वाळताना आकसतो आणि मग चारही बाजूंचं माप जुळत नाही. त्या उरलेल्या तीन बाजूंवर पालथ्या चिकटवा आणि कुठे काय राखायचं ते रंगीत पेन्सिलीने भरा. एका बाजूवर पानं, एका बाजूवर आकाश, ज्यात फूल, पंखा आणि पानं मोकळी कोरून काढायची. चौथ्या बाजूवर फक्त पाकळ्यांच्या शिरा उंच ठेवा. प्रत्येक बाजूला स्वतःचा केन्तो हवा.

इतकं कोरणं जमणार नाही असं वाटत असेल तर मुनाकाता शिकोची वाट धरा. तो एकच काळा ठसा काढून कागदाच्या मागून ब्रशने रंग देई. रंग झिरपून पुढे येतो आणि काळी रेषा मळत नाही. त्याला १९५६ साली व्हेनिसच्या बिएनालेत छापचित्रांचं मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा हा पळपुटेपणा आहे असं कुणी म्हणणार नाही. त्यासाठी कागद मात्र पातळ आणि रंग झिरपू देणारा घ्यावा लागेल.

कागद ओलावणं

आदल्या रात्री वर्तमानपत्राचे कोरे कागद स्पंजने ओले करा. एक ओला कागद, त्यावर छपाईचे दोन, पुन्हा एक ओला, अशी चळत रचा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर हलकं वजन ठेवा. सकाळी कागद गालाला लावून पाहा: गार लागला पाहिजे, पण गाल ओला होता कामा नये. चमक दिसली तर पाणी जास्त आहे, चळत अर्धा तास उघडी ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ही चळत दोन दिवसांवर ठेवलीत तर बुरशी धरते. उरलेले कागद फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिलमध्ये विदर्भात नेमकी उलट कथा, कागद हातातल्या हातात वाळतो. छापताना डोक्यावरचा पंखा बंद, हे दोन्हीकडे लागू.

छपाई

क्रम असा: रेषा, पानं, आकाश, शेवटी बिनरंगाचा ठसा. फळी आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, कोरडं लाकूड पहिला रंग नुसता पिऊन टाकतं.

रेषांसाठी सुमी, म्हणजे काळ्या जपानी शाईचे चार-पाच थेंब आणि तांदळाच्या दाण्याएवढी खळ फळीवरच टाका. ब्रशने गोल फिरवून मिसळा, मग एकाच दिशेने हलके फटके मारून एकसारखं करा. रंगाचा थर ओलसर दिसावा, डबकं नको. कागद दोन्ही हातांनी धरून आधी कोपरा कागीत, मग कड हिकित्सुकेत टेकवा आणि अलगद सोडा. बारेन मधून बाहेर नागमोडी फिरवा, जोर खांद्यातून येऊ द्या. एक कोपरा उचलून पाहा. कमी उमटलं असेल तर कागद न हलवता तेवढीच जागा पुन्हा घासा. पहिल्या तीन प्रती वाईट येतात, त्यांचं मनाला लावून घेऊ नका. फळी भिजायला तेवढा वेळ लागतो.

रंग ठिपक्याठिपक्यांचा उमटला, तीळ पेरल्यासारखा, तर त्याला गोमा म्हणतात. खळ कमी, कागद कोरडा किंवा दाब हलका, यांतलं काहीतरी एक कारण. काही कलाकार तो मुद्दाम आणतात, पण आधी सपाट रंग जमवा. रेषांच्या मधल्या फटी भरल्या तर रंग जास्त झाला. रंगाच्या कडेला गडद किनार आली तर पाणी जास्त. कागद चिकटून फाटला किंवा वर तकाकी आली तर खळ जास्त. मेळ चुकू लागला तर आधी केन्तोत साठलेला रंग काडीने काढा. तरीही चुकला तर कागद वाळतोय, चळतीवर पाण्याचा बारीक फवारा मारा.

आकाशासाठी प्रशियन निळ्यात किंचित लाल घाला. जपानमध्ये हा निळा बाहेरून आला आणि १८३० च्या सुमारास होकुसाईच्या फुजीमालेत तो सर्रास दिसू लागला. त्याआधी वापरात असलेला एका फुलाचा निळा उन्हाने लवकर उडायचा. आधी फिकट निळा सपाट छापून घ्या. दुसऱ्या फेरीत बोकाशी, म्हणजे गडदकडून फिक्याकडे विरत जाणारा रंग: फळीचा खालचा अर्धा भाग ओल्या फडक्याने पुसा, ब्रशच्या फक्त एका टोकाला गडद रंग आणि थोडी खळ लावा आणि तो फळीच्या वरच्या कडेने डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरळ ओढत राहा. ब्रश फिरवायचा नाही, उलटायचा नाही. गडद बाजू गडद राहते आणि खाली येत रंग पाण्यात विरतो. मध्येच आडवी रेघ दिसली तर तिथे ओल कमी पडली.

शेवटची बाजू अगदी कोरडी आणि स्वच्छ हवी. रंग काहीही नाही. कागद केन्तोत बसवून पाकळ्यांच्या जागी बारेनच्या कडेने किंवा नखाने ठाम दाबा, शिरा नुसत्या उठून दिसतात. यासाठी कागदात ओल शिल्लक असावी लागते, म्हणून ही फेरी उद्यावर टाकू नका. तयार प्रत दिव्याखाली तिरपी धरून पाहा. सरळ पाहिल्यावर फूल नुसतं पांढरं दिसतं, तिरपं धरलं की पाकळ्या सुरकुततात.

वाळवणं आणि फळ्या जपणं

प्रती टिपकागदाच्या थरांत, वर सपाट फळी आणि वजन ठेवून दोन दिवस ठेवा. मधे एकदा टिपकागद बदला. दोरीवर वाळत घातल्यास कागद लाटा धरतो, आणि उठावाच्या प्रतींवर फार वजन ठेवल्यास उठाव बसतो. फळ्या साबणाशिवाय, नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. उन्हात ठेवू नका, वाकतात. सावलीत उभ्या ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना वारा लागतो.

याच फळ्यांवरून आकाश पहाटेच्या फिकट केशरीत छापून दुसरी मालिका काढता येते. तेव्हा फूल मात्र नव्याने, मान टाकलेलं कोरावं लागेल. दुधीचं फूल दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच असतं.